मागितलं किती, वापरलं किती

भाचीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. परवा रविवारी ती आमच्याकडे इंदूरच्या रामबागेत आली ती लॅपटॉप घेऊनच. सी भाषेत तिने एक प्रोग्राम लिहिला होता. फोटोची फाइल उघडायची, रंगीत फोटोचा कृष्णधवल करायचा आणि नव्या नावाने ठेवून द्यायचा. घरातले, राजवाड्यासमोरचे, मैत्रिणींचे असे वीसेक फोटो तिने त्यातून काढून दाखवले. सगळे ठीक निघाले.

"मामा, एकदा नजर टाक ना यावर."

कोड नेटका होता. नावं वाचून कळतील अशी, ओळी नीट सोडलेल्या. एका ओळीपाशी मात्र मी थांबलो. तिथे मेमरी मागितली होती: रुंदी गुणिले उंची गुणिले चार, एवढे बाइट.

"हे रुंदी-उंचीचे आकडे येतात कुठून?"

"फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, लिहिलेले असतात."

"आणि फाइल कोण देतं?"

"कोणीही देईल. ज्याला फोटो बदलायचा असेल तो."

"म्हणजे तुझ्या प्रोग्रामने किती मेमरी मागायची, हे तो कोणीही ठरवतो."

तिला वाटलं, मी अवाढव्य फोटोबद्दल बोलतोय. "मेमरी नसली तर मॅलॉक नल देतो, ते मी तपासलंय," ती म्हणाली. मॅलॉक म्हणजे सीमध्ये मेमरी देणारं फंक्शन, आणि नल म्हणजे 'जागा नाही' असा त्याचा नकार. तिने ते खरंच तपासलं होतं. मला धास्ती वेगळीच होती. मॅलॉक खुशाल होकार देईल, मेमरी मिळेलही, आणि मिळालेली मेमरी हवी त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढीही नसेल. मग पुढचा सगळा प्रोग्राम आपल्याला पुरेशी जागा मिळालीय या समजुतीने चालत राहील.

सीमध्ये चालू प्रोग्रामला मेमरी लागली की ती मॅलॉक या फंक्शनकडे मागतात. मॅलॉकला एकच आकडा कळतो: किती बाइट. तुम्ही तिथे फोटो ठेवणार की मुलांचे गुण, याचा त्याला पत्ता नसतो. तो तेवढे सलग बाइट शोधतो आणि पहिल्या बाइटचा ठावठिकाणा हातात ठेवतो. त्यालाच पॉइंटर म्हणतात. पॉइंटरबरोबर लांबी येत नाही. कुठपर्यंत आपलं आणि कुठून दुसऱ्याचं, हे लक्षात ठेवणं प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या गळ्यात. जावा किंवा पायथनमध्ये अ‍ॅरेला आपली लांबी ठाऊक असते. हद्द ओलांडली की भाषाच अडवते. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती यंत्राच्या अगदी जवळची, हलकी आणि वेगवान. असा पहारा तिने ठेवला नाही. त्या हलकेपणासाठीच लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आजही मुख्यतः सीमध्ये लिहिला जातो. म्हणून ही भाषा टाका म्हणून भागत नाही, ती नीट लिहायला शिकावीच लागते.

आता तो गुणाकार. भाचीला मी तो मंडळाच्या हिशोबाने सांगितला.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी झांक्या निघतात आणि त्या बघायला शहर रात्रभर रस्त्यावर असतं. समजा मंडळाने ठरवलं की त्या रात्री २,५०० लोकांना प्रसाद द्यायचा, माणशी पाच मोदक. मोदक मांडून ठेवायला टेबलं हवीत. टेंटवाल्याच्या छापील पुस्तकात 'किती नग मांडायचे' यापुढे चारच चौकोन आहेत. २,५०० गुणिले ५ म्हणजे १२,५००. पाच अंक चार चौकोनांत मावत नाहीत. शहाणा माणूस समासात लिहील. पण समजा लिहिणारा असा आहे की तो उजवीकडून अंक भरत येतो आणि चौकोन संपले की उरलेला अंक सोडून देतो. चिठ्ठीवर राहिलं २५००. टेंटवाल्याने २,५०० मोदकांपुरती टेबलं चोख लावून दिली. त्याच्याकडून काही चुकलं नाही.

मोदक मांडणाऱ्या पोरांनी ती चिठ्ठी पाहिलेलीच नाही. त्यांना एवढंच सांगितलंय: २,५०० माणसं, प्रत्येकाचे पाच, मांडत चला. पाचशे माणसांचे मोदक मांडून झाले आणि टेबलं संपली. आमची पोरं तिथेच हाक मारतील. सीचा लूप, म्हणजे एकच काम पुन्हापुन्हा करणारा कोड, हाक मारत नाही. पुढच्या टेबलावर पावतीपुस्तकं आहेत, देणगीची पेटी आहे, कुणाची औषधं आहेत. तो त्या सगळ्यावर मोदक मांडत सुटतो. अजून दहा हजार बाकी आहेत.

टेबलं मागताना एक आकडा, टेबलं वापरताना दुसरा. बिघाड तो एवढाच.

संगणकात चौकोन बहुधा ३२ किंवा ६४ असतात आणि प्रत्येकात शून्य नाहीतर एक; अशा एका चौकोनाला बिट म्हणतात. ३२ चौकोनांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्यात एक मिळवला की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं पुन्हा शून्य. हा बिघाड नव्हे, बिनचिन्हाच्या, म्हणजे कधी उणे न होणाऱ्या, संख्यांसाठी सीचा लेखी नियमच तसा आहे. त्यामुळे प्रोग्राम थांबत नाही, इशारा देत नाही. चार बाइटांच्या १,०७,३७,४१,८२५ संख्यांसाठी जागा मागा. खरा गुणाकार ४,२९,४९,६७,३०० होतो, ३२ चौकोनांत उरतात फक्त चार. मॅलॉक चार बाइट देतो. एकाच संख्येपुरते. लूप मात्र शंभर कोटींच्या वर संख्या लिहायला निघालेला असतो.

भाचीच्या फोटोंकडे वळू. समजा कुणी हेडरमध्ये रुंदी ३२,७६८ आणि उंची ३२,७६९ लिहिली. प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तर ४,२९,५०,९८,३६८ बाइट लागतील, चार जीबीहून थोडे जास्त. ३२ चौकोनांत उरतात १,३१,०७२. हा आकडा मी तिला कागदावर करायला लावला, कारण तो पाहण्यासारखा आहे: ३२,७६८ गुणिले ४ बरोबर १,३१,०७२. म्हणजे फोटोच्या नेमक्या एका आडव्या ओळीपुरती जागा मिळाली. पहिली ओळ सुखरूप बसेल. दुसरीपासून सगळं परक्या जागेत.

"पण माझा लॅपटॉप तर ६४ बिटचा आहे."

हे उत्तर मी अनुभवी लोकांकडूनही ऐकलंय, म्हणून इथे जरा थांबतो. गुणाकार किती चौकोनांत होणार हे लॅपटॉप ठरवत नाही. गुणल्या जाणाऱ्या संख्यांचा प्रकार ठरवतो. तिने रुंदी आणि उंची ३२ बिटांच्या बिनचिन्ह संख्यांत ठेवली होती, आणि साधा चार हा आकडाही त्यात मिसळतो. म्हणून पूर्ण गुणाकार ३२ चौकोनांतच झाला. मॅलॉकला आकडा देताना तो ६४ चौकोनांत गेला खरा, पण तोवर डावीकडचा अंक गळून पडला होता. मोठ्या भांड्यात ओतलं म्हणून सांडलेलं दूध परत येत नाही. आधी रुंदी ६४ बिटांच्या साइझ-टी प्रकारात (सीमध्ये आकार मोजायला असतो तो संख्यांचा प्रकार) बदलून घेतली आणि मग गुणलं, तर तिच्या लॅपटॉपवर हा हिशोब बरोबर येतो. ३२ बिटच्या छोट्या यंत्रावर साइझ-टी स्वतःच ३२ बिटचा असतो, तिथे तेही पुरत नाही.

परक्या जागेत लिहिलं की नेमकं काय होतं? बहुतेक वेळा लगेच काहीच दिसत नाही, आणि छळ आहे तो तिथेच. लिनक्सवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, मॅलॉक आपली नोंदवही वेगळ्या खोलीत ठेवत नाही. दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या अगदी आधी त्या तुकड्याची लांबी लिहून ठेवतो. तुम्ही आपल्या तुकड्याच्या पलीकडे लिहिलंत की शेजाऱ्याची ही नोंद आधी पुसली जाते. प्रोग्राम पुढे चालत राहतो. बऱ्याच वेळाने भलत्याच फंक्शनमध्ये कुणी तो शेजारचा तुकडा फ्री करायला, म्हणजे मॅलॉकला परत द्यायला, जातं आणि तिथे प्रोग्राम कोसळतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशाच एका क्रॅशमागे मी चार दिवस घालवले. ज्या फाइलमध्ये प्रोग्राम मरत होता ती ओळ न ओळ वाचली, तिच्यात काही नव्हतंच. चूक दोन फाइली अलीकडे होती, एका निष्पाप दिसणाऱ्या गुणाकारात.

आणि हे सगळं अपघाताने झालं तर. कुणी मुद्दाम आकडे निवडून फाइल बनवली, तर शेजारी काय पुसलं जाईल आणि त्याजागी काय लिहिलं जाईल हेही त्याला ठरवता येऊ शकतं. मग प्रोग्राम कोसळत नाही, त्याचं ऐकू लागतो.

याचं सर्वांत शिकवून जाणारं उदाहरण २००२ सालचं आहे. ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्यासाठी जगभर वापरला जाणारा प्रोग्राम. तो लिहिणारी, ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी मंडळी सुरक्षेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर म्हणून ओळखली जातात. ओळख पटवण्याच्या एका पद्धतीत पलीकडचा संगणक सांगायचा, 'मी इतकी उत्तरं पाठवतोय'. ओपनएसएसएच तो आकडा घ्यायचा, त्याला पॉइंटरच्या आकाराने गुणायचा आणि तेवढी मेमरी मागायचा. मग लूप: जितकी उत्तरं, तितके पॉइंटर लिहीत जा. भाचीच्या ओळीत आणि या ओळीत काडीचा फरक नाही. त्या वर्षी जूनमध्ये ३.४ ही दुरुस्त आवृत्ती आली. तोवर ओपनबीएसडीची मंडळी अभिमानाने सांगत, की आमच्या मूळ मांडणीत पाच वर्षांत बाहेरून शिरता येईल असं एकही भोक सापडलेलं नाही. या चुकीनंतर त्यांना ते वाक्य बदलून 'जवळपास सहा वर्षांत एक' असं करावं लागलं. मला त्या मंडळींबद्दल आदरच वाटतो. भाचीला हे सांगण्यामागेही तोच हेतू होता: चूक तिच्या कच्चेपणाची नव्हती, गुणाकार दिसतोच इतका साधा.

मग तपासायचं कसं? पहिला विचार सगळ्यांना सारखाच सुचतो: गुणून बघू, उत्तर मूळ आकड्यापेक्षा लहान आलं तर गडबड आहे. भाचीनेही हेच सुचवलं. टेंटवाल्याच्या चार चौकोनांवरच करून पाहा. २,६०० माणसं, माणशी सात मोदक: १८,२००. चौकोनांत उरलं ८२००. हे २,६०० पेक्षाही मोठं आहे आणि सातपेक्षाही. तपासणी पास, हिशोब साफ चुकलेला. गुणाकार एक फेरी मारून पुढे कुठेही थांबू शकतो, म्हणून उत्तराकडे बघून फेरी झाली का हे सांगता येत नाही.

गुणण्याआधी भागून बघायचं. चौकोनांत जास्तीत जास्त ९,९९९ मावतात. माणशी पाच, तर ९,९९९ भागिले ५ म्हणजे १,९९९ माणसं. त्यापेक्षा जास्त माणसं असतील तर ही ऑर्डर या चिठ्ठीवर लिहिताच येणार नाही. २,५०० हे १,९९९ हून मोठं, म्हणून इथेच नाही म्हणायचं. भागाकारात काही ओसंडत नाही, त्यामुळे ही कसोटी नेहमी खरी ठरते. सीमध्ये तीच गोष्ट अशी: संख्या > साइझ-मॅक्स ÷ आकार असेल तर मेमरी मागूच नका. साइझ-मॅक्स म्हणजे साइझ-टीमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा.

यात पाय घसरायच्या दोन जागा आहेत. भाजक शून्य असू शकतो. उंची शून्य लिहिलेली फाइल दिली की तपासणीच कोसळते. शून्य उंचीचा फोटो आधीच परत करावा. दुसरी जागा जास्त फसवी. कसोटी साइझ-मॅक्सने घेतली, म्हणजे ६४ चौकोनांची, आणि गुणाकार मात्र ३२ चौकोनांत झाला, तर कसोटीने भलत्याच चिठ्ठीची खात्री दिली. ज्या प्रकारात गुणणार त्याच प्रकारात तपासायचं. तीन आकडे गुणायचे असतील तर दोनदा तपासायचं: आधी रुंदी-उंचीचं, मग त्या उत्तराचं चारशी.

चिन्ह असलेल्या संख्यांचा, म्हणजे साध्या इंटचा, मामला आणखी बिकट आहे. तिथे ओव्हरफ्लो झाल्यावर, म्हणजे आकडा चौकोनांत न मावल्यावर, काय व्हावं हे सीच्या लेखी नियमांनी ठरवलेलंच नाही. तुम्हाला वाटेल, फार तर उणे आकडा येईल. पण कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, त्या मोकळिकीचा अर्थ असा घेतो, की असं कधी घडतच नाही. तुम्ही लिहिलंत, 'अ अधिक ब हे अ पेक्षा लहान असेल तर थांब', आणि ब उणे नाही हे कंपायलरला ठाऊक आहे. तर तो म्हणतो की बेरीज लहान होऊच शकत नाही, आणि ती अख्खी तपासणी उडवून टाकतो. तुमच्या फाइलमध्ये ओळ दिसते, चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती नसते. मेमरीच्या हिशोबात इंट वापरू नये, या मताचा मी त्यामुळेच पक्का आहे.

दरवेळी हाताने भागाकार लिहिणं कंटाळवाणं आहे आणि कंटाळ्यात चुका होतात. म्हणून शक्य तिथे गुणाकार आपण करूच नये. कॅलॉक हे फंक्शन दोन आकडे वेगवेगळे घेतं, किती नग आणि एकाचा आकार. गुणाकार आत होतो, मावत नसेल तर नल मिळतो आणि मावत असेल तर शून्यांनी भरलेली स्वच्छ जागा. गंमत नव्हे, पण त्याच २००२ च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं की अनेक लायब्रऱ्यांचा कॅलॉकसुद्धा आत न तपासताच गुणत होता. ते पुढे दुरुस्त झालं आणि आज नावाजलेल्या लायब्रऱ्यांत कॅलॉकवर विसंबता येतं. आधीच्या जागेचा आकार बदलायचा असेल तर रीअ‍ॅलॉक-अ‍ॅरे आहे. २००२ मध्ये ज्यांना ठेच लागली त्याच ओपनबीएसडीने ते २०१४ मध्ये ५.६ या आवृत्तीत आणलं, २०१७ मध्ये ते ग्लिबसीत आलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातही, २०१८ पासून असे गुणाकार हुडकून त्याजागी तपासणी करणारी फंक्शनं बसवण्याचं मोठं काम झालं.

आकडेमोड स्वतःच करावी लागली तर कंपायलर मदत करतो. जीसीसी या कंपायलरच्या २०१५ मधल्या ५ या आवृत्तीपासून बेरीज, वजाबाकी, गुणाकार करून 'मावलं की नाही' सांगणारी खास फंक्शनं मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी-२३ या सीच्या अधिकृत नियमावलीत तीच सोय सीकेडी-अ‍ॅड, सीकेडी-सब, सीकेडी-मल या नावांनी अधिकृत झाली. ती आधी खरं उत्तर धरतात आणि मग ते तुमच्या चौकोनांत बसतं का ते बघतात, त्यामुळे प्रकारांच्या घोळाची काळजीही मिटते. एक ध्यानात ठेवा: ही फंक्शनं ओव्हरफ्लो झाला तर खरं म्हणतात, नीट झालं तर खोटं. पहिल्यांदा वापरणारा इथे हमखास उलटं लिहितो.

गुणाकाराएवढं लक्ष बेरीज-वजाबाकीकडे जात नाही, आणि तिथेही पाणी मुरतं. मजकूर ठेवायला लांबी अधिक एक बाइट लागतात, मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी येणाऱ्या शून्यासाठी. तो एक विसरणं ही जुनी चूक आहे, पण तो आठवणीने मिळवल्यावरही गोत्यात येता येतं. समजा लांबी सांगणारं फंक्शन फसलं आणि त्याने उणे एक परत दिला. साइझ-टीमध्ये जाताच तो ६४ बिटांवर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतो. एवढी मागणी मॅलॉक नाकारेल, बरंच झालं असतं. पण आपण त्यात एक मिळवतो. मीटर फिरतं, शून्य होतं. शून्य बाइट मागितल्यावर नल द्यायचा की नाममात्र जागेचा पॉइंटर, हे सीने लायब्ररीवर सोडलंय, आणि ग्लिबसी पॉइंटर देते. तपासणी पास, जागा शून्य. वजाबाकीचंही तेच: आलेल्या संदेशाच्या लांबीतून हेडरचे आठ बाइट वजा केले आणि संदेश मुळात पाचच बाइटांचा निघाला, तर उरलेली लांबी उणे तीन होत नाही, अवाढव्य होते. बिनचिन्ह संख्यांच्या बेरजेत मात्र ती सुरुवातीची भोळी कसोटी चालते, उत्तर कुठल्याही एका आकड्यापेक्षा लहान आलं तर नक्की फेरी झाली. बेरजेत फेरी एकच होऊ शकते आणि ती पूर्ण होत नाही, म्हणून. वजाबाकीआधी तर नुसतं 'मोठ्यातून लहान जातंय ना' एवढं बघितलं तरी पुरतं.

मेमरी मिळाल्यावरची पथ्यं थोडक्यात सांगतो, कारण ती भाचीला बऱ्यापैकी येत होती. नल आला का ते बघायचंच. लिनक्सवर मॅलॉक बऱ्याचदा हो म्हणतो आणि प्रत्यक्ष जागा लिहिताना लागते, तरीही ही तपासणी सोडायची नाही. रीअ‍ॅलॉकचं उत्तर जुन्याच पॉइंटरमध्ये घेऊ नये: तो फसून नल आला तर जुन्या जागेचा पत्ता कायमचा हरवतो आणि ती जागा प्रोग्राम संपेपर्यंत अडकून पडते. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्यायचं, नल नसेल तरच जुन्यात ठेवायचं. आणि आकार लिहिताना साइझऑफ (सीमध्ये एखाद्या गोष्टीचे बाइट सांगतो तो) पॉइंटरचा नव्हे, तो ज्याकडे बोट दाखवतो त्याचा घ्यायचा. एका ताऱ्याच्या चिन्हाचा फरक आहे, आणि तो चुकला की ओव्हरफ्लो न होताही जागा कमी पडते.

हे सगळं झाल्यावर मी भाचीला विचारलं, "चार जीबीचा फोटो तुला खरंच घ्यायचाय का?" तिने नाही म्हटलं. मग तो घेण्याइतकी सोय कशाला? मंडळाच्या अंगणात तीन हजारांच्या वर माणसं उभीच राहू शकत नसतील, तर चौकोन किती हा प्रश्न पुढचा; आधी तीन हजारांवरची मागणी परत करायची. माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी हीच, आणि ती कुठल्याही लायब्ररीत मिळत नाही, कारण अंगण केवढं हे फक्त आपल्याला माहीत असतं. तिने रुंदी आणि उंची दोन्हींना २०,००० ची मर्यादा घातली. २०,००० गुणिले २०,००० गुणिले ४ म्हणजे १,६०,००,००,०००. हे ३२ चौकोनांतही मावतं. तरीही भागाकाराची कसोटी तिने काढली नाही. उद्या कुणी ती मर्यादा वाढवेल, असं तिचं तिनेच म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.

शेवटी प्रोग्राम जुन्या कोडसह सॅनिटायझर, म्हणजे चालू प्रोग्राममधल्या चुका पकडणारं साधन, लावून चालवला. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर प्रत्येक तुकड्याभोवती राखीव पट्टा ठेवतो आणि कुणी त्यात पाऊल टाकलं की त्याच ओळीवर प्रोग्राम थांबवतो. माझे चार दिवस वाचले असते ते यानेच. अनडिफाइन्ड बिहेव्हिअर सॅनिटायझर इंटचे ओव्हरफ्लो पकडतो, पण बिनचिन्ह संख्यांची फेरी तो आपण होऊन पकडत नाही, कारण नियमाने ती चूकच नाही. क्लँग या कंपायलरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय सुरू करावा लागतो.

आम्ही एका खऱ्या फोटोची नक्कल घेतली आणि फाइलमधले बाइट थेट बदलू देणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फक्त हेडर बदललं: रुंदी ३२,७६८, उंची ३२,७६९. आतला मजकूर तसाच, काही शे केबींचा. जुन्या कोडने मेमरी मागितली, मॅलॉकने आनंदाने १,३१,०७२ बाइट दिले, आणि दुसऱ्या ओळीच्या पहिल्याच बिंदूवर सॅनिटायझरने लाल अक्षरांत अहवाल टाकला: हीपच्या (मॅलॉक देतो त्या मेमरीच्या) हद्दीबाहेर लेखन, तुकड्याच्या शेवटाला लागून, शून्य बाइट पुढे. भाचीने ती ओळ दोनदा वाचली. मग नवा कोड त्याच फाइलवर चालवला. 'फोटोचा आकार मान्य नाही' असं म्हणून तो शांतपणे थांबला.

"मामा, ही फाइल मला दे," ती म्हणाली. "उद्या वर्गातल्या सगळ्यांच्या प्रोग्राममध्ये घालून बघते."